‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ : महाविद्यालयाचा कारभार आणि अध्यापकवर्ग

(१)

महाविद्यालयाच्या कारभारात अध्यापकाला स्थान असावे, हे विधान आज कोणी उघडपणे नाकारीत नाही. संस्थाचालक ते व्यासपीठावरून मान्य करतात, विद्यापीठांचे कायदे ते कलमांतून मान्य करतात आणि अध्यापकांच्या संघटना आपल्या ठरावांतून त्याचा पुनरुच्चार करतात. परंतु जे विधान सर्वांनाच मान्य असते त्याची चिकित्सा सहसा होत नाही. आणि चिकित्सेवाचून राहिलेले तत्त्व हळूहळू केवळ शिष्टाचार बनते. अध्यापकाच्या सहभागाचे असेच झाले आहे. त्याला समितीत जागा मिळते, कार्यवृत्तावर त्याची सही होते, आणि त्या जागेचा अर्थ काय हा प्रश्न विचारण्याचे कारण कोणालाच उरत नाही.

प्रस्तुत प्रश्नाचा विचार बहुधा जागांच्या हिशेबाने केला जातो. किती सभासद, त्यांत किती अध्यापक, त्यांपैकी किती निवडून आलेले आणि किती नेमलेले, असा तो हिशेब असतो. हा हिशेब निरर्थक नाही. तो पुढे करावाच लागेल. परंतु त्याच्याही आधी एक प्रश्न येतो. अध्यापकाला कारभारात स्थान द्यावयाचे ते कशाच्या आधारावर? तो संस्थेसाठी त्याग करतो म्हणून? तो निवडून येतो म्हणून? की इतर कोणापाशी नसलेले काही ज्ञान त्याच्यापाशी असते म्हणून? आधार बदलला की स्थानाचे स्वरूपही बदलते. महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या इतिहासात हा आधार निदान तीन वेळा बदलला आहे, आणि प्रत्येक बदलात काही मिळाले तसे काही हरवलेही आहे.

या विवेचनाला एखादे माप हवे. ते पुण्या-मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयांतून घेतल्यास निष्कर्ष सोयीचे निघतील; म्हणून ते मराठवाड्यातून घेणे उचित ठरेल. परभणी तालुक्यातील झरी हे गाव परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कापूस, सोयाबीन आणि रब्बीची ज्वारी यांच्या हंगामांवर ज्या प्रदेशाचे वर्ष चालते त्या प्रदेशातील हे एक गाव. अशा गावातील एखादी मुलगी जेव्हा परभणीच्या एखाद्या महाविद्यालयात नाव घालते, तेव्हा त्या महाविद्यालयाच्या कारभारात तिच्या परिस्थितीची जाणीव कोणाच्या तोंडून व्यक्त होते? अध्यापकाच्या सहभागाची खरी कसोटी या प्रश्नात आहे.

(२)

अध्यापकांनी संस्था स्वतःच चालवावी, ही कल्पना महाराष्ट्रात प्रथम ठामपणे मांडली गेली ती डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या रूपाने. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. या संस्थेचा कणा होता तो आजीव सभासदांचा. वीस वर्षे माफक वेतनावर शिकविण्याची प्रतिज्ञा जो करील तो आजीव सभासद; आणि संस्थेचा दैनंदिन कारभार या आजीव सभासदांच्याच हाती. येथे चालक आणि अध्यापक असे दोन वर्ग नव्हतेच. जो वर्गात गणित शिकवीत होता तोच संस्थेच्या पैशाचा आणि धोरणाचा विचार करीत होता. वामन शिवराम आपटे, आगरकर हे प्राचार्य झाले ते कोणा मालकाने नेमले म्हणून नव्हे, तर सहकाऱ्यांपैकी एक म्हणून.

या व्यवस्थेत अधिकाराचा आधार होता त्याग. ज्याने आपल्या मिळकतीची आशा सोडली त्यालाच संस्थेविषयी बोलण्याचा हक्क, असा तिचा न्याय होता. त्यात मोठे नैतिक बळ होते हे निर्विवाद. परंतु त्याच न्यायातून पहिला मोठा कलहही उद्भवला. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेलाच द्यावा की बाहेरची कामे आणि बाहेरची प्राप्ती स्वीकारावी, या वादाचे पर्यवसान १८९० मध्ये टिळकांच्या राजीनाम्यात झाले. या प्रसंगाकडे सामान्यतः दोन थोर पुरुषांच्या स्वभावभेदाची कथा म्हणून पाहिले जाते. शासनव्यवस्थेच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. त्याग हाच जर अधिकाराचा आधार, तर कोणाचा त्याग पुरेसा आहे हे सतत मोजावे लागते; आणि ते मोजण्याचे काम सहकाऱ्यांनी एकमेकांच्या बाबतीत करावयाचे असते. असे मोजमाप फार काळ सलोख्याने चालत नाही.

या प्रकाराची दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. अध्यापकांनी चालविलेली संस्था अध्यापकांची होते. ती गावाची होतेच असे नाही. आजीव सभासदांचे मंडळ आपल्यासारख्यांनाच आपल्यात घेते, आणि ज्या सामाजिक थरातून ते आलेले असते त्या थराची दृष्टी संस्थेला चिकटते. रयत शिक्षण संस्थेने (स्थापना १९१९) पुढे आजीव सेवकांची पद्धत स्वीकारली खरी, परंतु तिचा पाया बहुजन समाजाच्या मुलांचे वसतिगृह आणि त्या समाजाची वर्गणी हा होता. तेथे त्यागाच्या जोडीला दुसरा एक आधार उभा राहिला : ज्यांच्या मुलांसाठी संस्था आहे त्यांचा पाठिंबा. हा दुसरा आधार मराठवाड्यात वेगळ्या रीतीने पुढे आला.

(३)

मराठवाड्याची परिस्थिती निराळी होती. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. मराठी मुलाला उच्च शिक्षण घ्यावयाचे तर परक्या भाषेतून घ्यावे लागे. खाजगी शाळा चालविणे हे त्या राज्यात केवळ शैक्षणिक कार्य राहत नसे. त्याला आपोआप राजकीय अर्थ येई. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ हेच हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले, यात योगायोग नव्हता. शाळामास्तर आणि कार्यकर्ता यांत त्या काळी अंतर नव्हते, आणि म्हणून ‘कारभारात शिक्षकाचे स्थान’ असा प्रश्नही उपस्थित होण्याचे कारण नव्हते.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत दोन महत्त्वाची महाविद्यालये निघाली. १९५० मध्ये नांदेड येथे स्वामीजींच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आपले महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. या दोन्ही संस्थांच्या नावांत ‘पीपल्स’ हा शब्द यावा हे लक्षणीय आहे. पुण्यातील संस्थेच्या नावात प्रदेश होता. येथे नावात लोक आले. संलग्नता अद्याप उस्मानियाशीच होती. मराठवाडा विद्यापीठ निघाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी, आणि परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये १९९४ पर्यंत त्याच विद्यापीठाकडे राहून नंतर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आली.

पुढील दशकांत तालुक्यातालुक्यांतून महाविद्यालये उभी राहिली. वकील, व्यापारी, मोठे शेतकरी, स्वातंत्र्यसैनिक आणि नंतर सहकारी संस्थांतील पुढारी यांनी मंडळे स्थापिली, वर्गण्या जमविल्या, जागा मिळविल्या. या संस्था लोकांनी काढल्या हे खरे. त्यांच्यावाचून ग्रामीण मराठवाड्यात उच्च शिक्षण पोहोचले नसते हेही खरे. परंतु येथे अधिकाराचा आधार बदलला. त्यागाच्या जागी दान आले. ज्याने पैसा, जमीन अथवा वजन दिले तो चालक. आणि जो शिकवावयास आला तो सेवक. अध्यापक संस्थेच्या निर्मितीत नव्हता, तो जाहिरात वाचून, मुलाखत देऊन, नंतर आला. संस्थापकांच्या पहिल्या पिढीत ध्येयवादाची उब होती, तोवर हे अंतर जाणवले नाही. ही पिढी मागे पडली, मंडळाची सभासदसंख्या मर्यादित राहिली, आणि ‘लोकांची संस्था’ ही उक्ती नावापुरती उरण्याचा धोका निर्माण झाला. लोकांनी दिलेले दान विसरले जाते, दात्यांच्या मंडळाचा अधिकार मात्र वारसाने टिकतो.

या काळाचे दुसरे अंगही विसरता येणार नाही. नरहर कुरुंदकर हे तत्कालीन परभणी जिल्ह्यातील (आता हिंगोली जिल्ह्यातील) नांदापूरचे. ते पीपल्स कॉलेजात अध्यापक झाले आणि पुढे प्राचार्य. मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात त्यांच्या शब्दाला जे वजन होते ते कोणत्याही समितीतील जागेने दिलेले नव्हते. ते विद्वत्तेने, निर्भीड बोलण्याने आणि गावोगावच्या व्याख्यानांनी मिळविलेले होते. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की, अध्यापक मोठा असेल तर त्याला जागेची गरज नाही, आणि लहान असेल तर जागा देऊनही उपयोग नाही. हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण चुकीचा आहे. शासनव्यवस्था असामान्य माणसांसाठी रचावयाची नसते. ज्याला व्यासपीठाची कला साधलेली नाही, पण जो पंचवीस वर्षे पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवीत आला आहे, त्याचे म्हणणे कोठे ऐकले जाणार हा खरा प्रश्न आहे.

(४)

तिसरा आधार कायद्याने आणला. विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या शासनाचा स्वतंत्र विचार विद्यापीठ अनुदान आयोगाने न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने केला; तिच्या अहवालाचा पहिला भाग १९७१ चा. कारभारात अध्यापकांचा व विद्यार्थ्यांचा सहभाग ही कल्पना तेव्हापासून अधिकृत चर्चेचा विषय झाली. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक संलग्न महाविद्यालयासाठी ‘स्थानिक व्यवस्थापन समिती’ विहित केली आणि तीत अध्यापकांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसविले. १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याच्या कलम ९७ ने तिच्या जागी ‘महाविद्यालय विकास समिती’ आणली.

कायद्याचा मजकूर हाही एक मजकूरच असतो, आणि त्याचे वाचन साहित्यकृतीइतक्याच काळजीने केले पाहिजे. प्रथम रचना पाहावी. व्यवस्थापनाचे अध्यक्ष किंवा त्यांचे नामनिर्देशित, सचिव किंवा त्यांचे नामनिर्देशित, प्राचार्यांनी नामनिर्देशित केलेला एक विभागप्रमुख, पूर्णवेळ अध्यापकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन अध्यापक (त्यांत निदान एक स्त्री), निवडून आलेला एक अध्यापकेतर कर्मचारी, प्राचार्यांशी विचारविनिमय करून व्यवस्थापनाने नामनिर्देशित केलेले चार स्थानिक सदस्य, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव, आणि सदस्य-सचिव म्हणून प्राचार्य : असे हे पंधरा जण. अध्यक्ष, सचिव आणि चार स्थानिक सदस्य मिळून व्यवस्थापनाच्या बाजूने सहा. विभागप्रमुख, तीन निर्वाचित अध्यापक, समन्वयक आणि प्राचार्य मिळून अध्यापनाच्या बाजूनेही सहाच. वरकरणी तराजू समतोल दिसतो. परंतु विभागप्रमुखाला प्राचार्य नेमतात आणि प्राचार्यांची नेमणूक व्यवस्थापनाच्या हातून होते. केवळ सहकाऱ्यांच्या मताने आलेले असे तीनच उरतात.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. निवडण्याचा हक्क पूर्णवेळ अध्यापकांना आहे. कायदा लिहिताना ‘पूर्णवेळ’ हे विशेषण स्वाभाविक वाटले असेल. कारण महाविद्यालयात शिकविणारा म्हणजे पूर्णवेळ शिकविणारा, हा त्यामागचा गृहीत संकेत होता. राज्यातील अनुदानित महाविद्यालयांत मंजूर पदे रिकामी राहून त्यांचे काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडे गेले, आणि त्या संकेताचा पायाच ढासळला. जो अध्यापक तासाच्या हिशेबाने मोबदला घेतो, सुटीत ज्याला काही मिळत नाही, आणि पुढल्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नसते, त्याला मत नाही. ज्या विभागात एकही पूर्णवेळ अध्यापक उरलेला नाही तो विभाग समितीच्या दृष्टीने मुका होतो. ग्रामीण भागात ही स्थिती अपवादात्मक नाही. म्हणजे सहभागाचे तत्त्व कलमात शाबूत आहे, आणि ज्यांच्यासाठी ते होते त्यांपैकी कित्येक त्याच्या बाहेर उभे आहेत. जागांचा हिशेब येथे आपली मर्यादा स्वतःच दाखवितो : तीन जागा भरलेल्या असतात, पण त्या कोणाच्या वतीने भरलेल्या असतात?

रचनेनंतर क्रियापदे पाहावीत; कारण कायद्यात सत्ता असते ती क्रियापदांत. या समितीने विकास आराखडा तयार करावयाचा, अंदाजपत्रक तयार करून मान्यतेसाठी व्यवस्थापनाकडे पाठवावयाचे, नवे अभ्यासक्रम आणि नवी पदे यांविषयी शिफारस करावयाची, विनाअनुदानित तत्त्वावरील अभ्यासक्रमांचा आढावा घ्यावयाचा. तयार करणे, शिफारस करणे, आढावा घेणे : या तिन्ही क्रियांनंतर निर्णय दुसरीकडे होतो. परंतु एके ठिकाणी क्रियापद बदलते. महाविद्यालयाचा एकंदर अध्यापन-कार्यक्रम किंवा वार्षिक दिनदर्शिका यांबाबत समितीने निर्णय घ्यावयाचा आहे. ही एक बाब समितीच्या स्वतःच्या अधिकारात आहे. तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. कारण दिनदर्शिका म्हणजे कारकुनी काम, अशी समजूत आहे. ही समजूत किती महाग पडते हे झरीसारख्या गावावरून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

(५)

परभणीला शिकावयास येणाऱ्या खेड्यातील मुलांचा दिवस एसटीच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. सकाळचा पहिला तास जर बस पोहोचण्याच्या आधी सुरू होत असेल, तर त्या तासाचा विषय त्या मुलांना वर्षभर मिळत नाही. दुपारचा प्रयोगवर्ग जर संध्याकाळच्या परतीच्या बसला ओलांडून चालत असेल, तर मुलगा कसाबसा थांबतो. मुलीला मात्र घरून निरोप येतो की, हे जमणार नाही. सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीनची काढणी येते, पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते, आणि मजुरी परवडत नसलेल्या घरातील विद्यार्थी त्या दिवसांत वर्गातून नाहीसे होतात. नेमके याच सुमारास अंतर्गत चाचण्या ठेवल्या गेल्या, तर त्यांचे गुण जातात आणि गुणपत्रकावर ते ‘अनुपस्थित’ ठरतात. सत्रे आणि परीक्षा विद्यापीठ ठरविते हे खरे. परंतु दैनंदिन वेळापत्रक, चाचण्यांचे दिवस, जादा तासांची योजना हे महाविद्यालयाच्याच हाती असते. शिक्षण पुरे होणे आणि अर्धवट सुटणे यांतील अंतर पुष्कळदा एवढ्या साध्या गोष्टींवर अवलंबून असते.

आता ही माहिती महाविद्यालयात कोणापाशी असते? व्यवस्थापनापाशी ती नसते. ते अनेकदा एकापेक्षा अधिक संस्था चालविते. विद्यापीठापाशी ती नसते; त्याच्यापुढे संख्या येतात, चेहरे येत नाहीत. ती असते हजेरीपट घेऊन वर्गात उभ्या राहणाऱ्या अध्यापकापाशी. कोणते नाव सोमवारी हाकेला उत्तर देत नाही, कोणत्या गावची मुले एकदम गैरहजर राहतात, कोणती मुलगी दुसऱ्या सत्रात परत आली नाही, हे त्यालाच प्रथम कळते. अध्यापकाच्या सहभागाचा चौथा आणि अधिक भक्कम आधार येथे सापडतो. त्याने त्याग केला म्हणून नव्हे, तो निवडून आला एवढ्यावरून नव्हे, तर कारभाराला ज्या ज्ञानावाचून योग्य निर्णय घेता येत नाही ते ज्ञान त्याच्यापाशी असते म्हणून त्याचे स्थान अपरिहार्य ठरते.

याच ठिकाणी ‘स्थानिक’ या शब्दाचा विचार करावा लागतो. १९९४ च्या कायद्यातील समितीच्या नावातच हा शब्द होता. अनेक महाविद्यालये चालविणाऱ्या दूरच्या मध्यवर्ती मंडळाहून भिन्न, त्या त्या महाविद्यालयाची अशी समिती, हा त्याचा आशय होता. नव्या नावात ‘स्थानिक’ गेले आणि ‘विकास’ आला. नाव बदलल्याने सर्व काही बदलते असे नव्हे. स्थानिक सदस्य अद्याप आहेत. परंतु ते कोणत्या क्षेत्रांतून घ्यावयाचे? शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा. यांत शेतीचे नाव नाही. १९७२ पासून ज्या परभणी शहरात कृषी विद्यापीठ आहे, ज्या जिल्ह्याचे जीवन शेतीवर उभे आहे, तेथील महाविद्यालयाच्या समितीत शेतकऱ्याला स्वतःच्या नावाने दार नाही. आलाच तर तो समाजसेवक म्हणून येईल. शिवाय हे चारही जण व्यवस्थापनाने निवडावयाचे. व्यवहारात ‘स्थानिक’ म्हणजे महाविद्यालय ज्या शहरात आहे तेथील प्रतिष्ठित गृहस्थ, असा अर्थ रूढ होणे स्वाभाविक आहे. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले गाव, जेथून विद्यार्थी येतात, ते या अर्थाने स्थानिक ठरत नाही.

(६)

परदेशातील एक तुलना येथे उपयोगी पडते. अमेरिकेत १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय निघाले. १९४७ च्या ट्रूमन आयोगानंतर अशा संस्थांना ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव सर्वत्र मिळाले. तेथे १९६६ मध्ये प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने विश्वस्तांच्या व संस्थांच्या संघटनांबरोबर तयार केलेल्या निवेदनात अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, संशोधन आणि अध्यापकांचा दर्जा यांची प्राथमिक जबाबदारी अध्यापकांकडे दिली. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या कायद्याने ही वाट आपल्या सामुदायिक महाविद्यालयांपर्यंत नेली. तेथील नियमांनुसार विशिष्ट शैक्षणिक विषयांवर विश्वस्त मंडळाने एक तर अध्यापकसभेच्या मतावर मुख्यतः विसंबावे किंवा तिच्याशी परस्पर सहमती करावी लागते. कोणत्या बाबतीत कोणाचे मत अंतिम मानावे हे तेथे विषयवार ठरविले आहे. समितीत बसलेल्या डोक्यांच्या संख्येवर ते सोडलेले नाही.

परंतु या तुलनेतील भेद साम्याहून महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियातील विश्वस्त त्या त्या भागातील मतदारांनी निवडलेले असतात. समाज तेथे मंडळात प्रत्यक्ष बसतो, म्हणून अध्यापकाला केवळ विद्येच्या बाजूने बोलणे पुरते. महाराष्ट्रातील व्यवस्थापन ही नोंदणीकृत संस्था असते. तिचे सभासद ठरविणारे तिचेच सभासद असतात. भारतात १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने पहिले सामुदायिक महाविद्यालय काढले आणि २०१३-१४ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने तशी योजना आखली, तेव्हाही ‘समुदाय’ या शब्दाचा अर्थ बहुतांशी स्थानिक उद्योग आणि रोजगार देणारे असाच धरला गेला. जेथे कारखाने आहेत तेथे तो अर्थ चालेल. जेथे रोजगार देणारा म्हणजे कोरडवाहू शेत, तेथे समुदाय कोणी बोलवावा? जेथे गावाला जागा नाही तेथे अध्यापकावर दुहेरी भार येतो. त्याने विषयाच्या वतीने बोलावयाचे आणि अनुपस्थित गावाच्या वतीनेही.

हा भार पेलण्यास अध्यापक समर्थ आहे काय, ही शंका प्रामाणिकपणे विचारली पाहिजे. पुष्कळ अध्यापक शहरात राहतात. ज्या गावांतून विद्यार्थी येतात ती त्यांनी पाहिलेलीही नसतात. २०१३ मध्ये राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर दीर्घ बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत न्याय असेल-नसेल, पालकांच्या मनावर उमटले ते एवढेच की, अध्यापकांचा सामुदायिक आवाज वेतनासाठी उठतो. तसा आवाज उठविण्याचा कर्मचाऱ्याला हक्क आहे. परंतु संघटनेतील अध्यापक आणि समितीतील अध्यापक या दोन भूमिका आहेत. पहिलीत तो आपल्या सेवाशर्तींविषयी बोलतो, दुसरीत त्याने आपल्या वर्गाविषयी बोलावयाचे असते. दुसरी भूमिका पहिलीत विरून गेली म्हणजे व्यवस्थापनाला प्रतिनिधी चालतो, कारण तो वर्गाविषयी काही विचारीत नाही. आणि प्रतिनिधीलाही व्यवस्थापन चालते. या सोयीच्या शांततेत नुकसान होते ते तिसऱ्याचे, आणि तो सभेत हजर नसतो.

म्हणून ज्ञानाच्या आधारावरील हक्क हा सशर्त हक्क आहे. ज्याला आपल्या वर्गाची खबर नाही त्याने त्या आधारावर जागा मागू नये. उलट ज्याला ती आहे, त्याला केवळ तो तासिका तत्त्वावर आहे म्हणून दूर ठेवणे हे कारभाराचेच नुकसान आहे. कायद्याने त्याला मत दिले नसले तरी त्याला सभेपूर्वी विचारण्यास, त्याच्या हजेरीपटावरील नोंदी समितीपुढे मांडण्यास कोणतेही कलम आड येत नाही. तीन निर्वाचित अध्यापकांनी हे काम आपले मानले, तर जागा तीनच राहूनही तिचा अर्थ बदलेल.

(७)

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत क्रमशः संपवून महाविद्यालये स्वायत्त करण्याची आणि त्यांच्या शिखरावर नियामक मंडळे स्थापण्याची दिशा दाखविली आहे. ही दिशा प्रत्यक्षात आली तर विद्यापीठाचे आजवरचे छत्र, त्याच्या दोषांसह आणि आधारासह, दूर होईल; अभ्यासक्रम, परीक्षा आणि दिनदर्शिका ही सर्व महाविद्यालयाच्या हाती येतील. ‘निर्णय घेणे’ हे जे क्रियापद आज एका बाबीपुरते आहे ते अनेक बाबींना लागू होईल. त्या वेळी मंडळात अध्यापक किती, या प्रश्नाइतकाच तेथे आलेला अध्यापक काय जाणतो, हा प्रश्न निर्णायक ठरेल. सवय आज लागली नसेल तर ती त्या दिवशी एकाएकी लागणार नाही.

पुण्यात त्यागाने, मराठवाड्यात दानाने आणि नंतर सर्वत्र निवडणुकीने अधिकाराला आधार दिला. या तिन्ही आधारांनी आपापल्या काळी काम केले, आणि तिन्ही एकाच ठिकाणी अपुरे पडले : महाविद्यालयापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत त्यांपैकी एकही स्वतःच्या बळावर पोहोचला नाही. तेथे पोहोचण्याचा मार्ग हजेरीपटातून जातो. वर्षाच्या आरंभी समितीपुढे दिनदर्शिका येईल, तेव्हा झरीहून येणारी बस परभणीत किती वाजता पोहोचते हे सांगणारा एक जरी सभासद त्या सभेत असला, तर अध्यापकाच्या सहभागाला अर्थ आहे असे म्हणता येईल. तो नसेल तर पंधराच्या पंधरा खुर्च्या भरलेल्या असूनही समिती अपुरीच राहील.